'स्टेप डाउन'च्या कसोटीवर कॉलिन्स कोबिल्ड

इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी तयार केलेल्या शब्दकोशाची परीक्षा घ्यायची तर त्यात एखादे दुर्मीळ नाम शोधून फारसे काही हाती लागत नाही, कारण तसले नाम बहुतेक कोशांत सापडते आणि त्याचा अर्थही बहुधा बरोबर दिलेला असतो. कोशाचा खरा कस लागतो तो शाळकरी मुलालाही येणारे दोन शब्द एकत्र येऊन तिसराच अर्थ सांगू लागतात तेव्हा. 'स्टेप' म्हणजे पाऊल आणि 'डाउन' म्हणजे खाली, हे सांगायला कोशाची गरज नाही. परंतु 'स्टेप डाउन' म्हणताच पंतप्रधान, पोप, क्रिकेटचे कर्णधार आणि बड्या कंपन्यांचे प्रमुख आपापली पदे सोडू लागतात. इंग्रजी बातम्या मराठीत आणणाऱ्यांची या क्रियापदाशी रोज गाठ पडते आणि घाईच्या वेळी 'राजीनामा दिला' असे लिहून बहुतेक जण मोकळे होतात. ते कधी बरोबर असते, तर कधी साफ चुकीचे. म्हणून कॉलिन्स कोबिल्ड या कोशाचे प्रस्तुत परीक्षण मुद्दाम याच क्रियापदाभोवती आणि त्याच्या भावकीतल्या काही प्रयोगांभोवती केले आहे.

या कोशाची जन्मकथा ठाऊक असली की त्याचे गुण आणि दोष दोन्ही समजायला मदत होते. कॉलिन्स ही प्रकाशनसंस्था आणि बर्मिंगहॅम विद्यापीठ यांनी १९८०च्या दशकात मिळून हे काम केले. प्राध्यापक जॉन सिंक्लेअर त्याचे प्रमुख होते आणि पहिली आवृत्ती १९८७ मध्ये निघाली. संपादकाने आपल्या स्मरणातून किंवा जुन्या कोशांतून अर्थ उचलण्याऐवजी, प्रत्यक्ष छापलेल्या आणि बोललेल्या इंग्रजीचा प्रचंड साठा संगणकात भरायचा, त्यात एखादा शब्द कोणाच्या संगतीत येतो ते पाहायचे आणि मगच त्याचा अर्थ लिहायचा, ही त्या काळी नवी असलेली पद्धत या कोशाने रूढ केली. दुसरे वेगळेपण व्याख्येच्या रचनेत होते. अन्य कोश शब्दापुढे प्रतिशब्द किंवा तुटक वाक्यांश ठेवत असताना कोबिल्डने वर्गात शिक्षक समजावून सांगतात तशी पूर्ण वाक्ये लिहिली: अमुक प्रकारची व्यक्ती अमुक करते, तेव्हा ती तमुक करत असते.

ही पूर्ण वाक्याची पद्धत काहींना पाल्हाळिक वाटते आणि सरळसोट नामांच्या बाबतीत ती तशी आहेही. खुर्ची किंवा बादली म्हणजे काय हे सांगायला एवढा फापटपसारा कशाला, असा प्रश्न पडतो. 'स्टेप डाउन'पाशी आल्यावर मात्र या पद्धतीचे मोल कळते. कोबिल्डच्या व्याख्येचा आशय असा: एखादी व्यक्ती महत्त्वाच्या कामावरून किंवा पदावरून दूर होते, आणि बहुधा दुसऱ्या कोणाला आपली जागा घेता यावी म्हणून दूर होते, तेव्हा हे क्रियापद वापरतात. या एका वाक्यात तीन अटी आहेत. कर्ता व्यक्ती असावी, पद महत्त्वाचे असावे आणि मागे रिकामी होणारी जागा कोणीतरी भरणार असावे. नुसता 'राजीनामा देणे' असा प्रतिशब्द देणाऱ्या द्वैभाषिक कोशातून यातली एकही अट कळत नाही, आणि मग महानगरपालिकेतला कारकून किंवा मॉलमधला विक्रेता 'स्टेप डाउन' झाल्याची हास्यास्पद वाक्ये आपल्याकडच्या विद्यार्थ्यांच्या वह्यांत उतरतात. इंग्रजीत कारकून नोकरी सोडतो. खाली उतरायला आधी उंचावर असावे लागते, आणि कोबिल्डच्या व्याख्येतले 'महत्त्वाच्या' हे विशेषण नेमके तेवढे काम करते.

उदाहरणांकडे वळल्यावर मात्र थोडे थबकावे लागते. या नोंदीखाली न्यायमूर्ती इटो यांच्याविषयीचे एक वाक्य दिलेले आहे: आपल्या पत्नीला साक्षीदार म्हणून बोलावले गेले, तर या खटल्याचे न्यायाधीश म्हणून आपण बाजूला होऊ, असे ते म्हणाले. हे इटो कोण, हे कोश सांगत नाही आणि १९९५ मधला ओ. जे. सिम्पसन या माजी अमेरिकी फुटबॉलपटूवरचा खुनाचा खटला ज्यांनी पाहिला नाही अशा पिढीला ते कळण्याचा संभवही नाही. लॉस एंजेलिसमध्ये चाललेल्या त्या खटल्याचे न्यायाधीश लान्स इटो यांच्या पत्नी त्याच शहराच्या पोलीस दलात वरिष्ठ अधिकारी होत्या आणि एका पोलिसाच्या ध्वनिफितींमध्ये त्यांचा उल्लेख आल्यामुळे हा पेच उभा राहिला होता. पुढे त्यांना साक्षीला बोलावण्याची गरज नसल्याचे ठरले आणि इटो यांनीच खटला शेवटास नेला. वाक्य अस्सल आहे, ताजेपणाही त्यात आहे, परंतु ते व्याख्येशी पुरते जुळत नाही. इटो न्यायाधीशपदाचा राजीनामा देणार नव्हते. ते केवळ एका खटल्यापासून दूर होणार होते. आपल्याकडे न्यायमूर्तींनी एखाद्या प्रकरणाच्या सुनावणीतून स्वतःला वेगळे करण्याच्या बातम्या येतात, तोच हा प्रकार. व्याख्या 'पद सोडणे' सांगते आणि उदाहरण 'एका कामापुरते बाजूला होणे' दाखवते, ही विसंगती संपादकांच्या नजरेतून सुटली असावी. साठ्यातून निवडलेल्या अस्सल वाक्यांचा हा धोका नेहमीचाच: वाक्य खरे असते, पण ज्या अर्थाखाली ते ठेवले आहे त्याच अर्थाचे ते असेल याची हमी नसते.

व्याकरणाची माहिती मात्र नेटकी आहे. या क्रियापदाला कर्म लागत नाही आणि त्यापुढे 'अ‍ॅज' किंवा 'फ्रॉम' येते, हे नोंदीतून स्पष्ट होते. 'अ‍ॅज'नंतर हुद्दा येतो आणि 'फ्रॉम'नंतर ते पद, मंडळ किंवा समिती. मराठी विद्यार्थी 'स्टेप डाउन'नंतर थेट पदाचे नाव जोडून मोकळा होतो, कारण मराठीत आपण 'अध्यक्षपद सोडले' असे कर्म घालूनच बोलतो. कर्म घेणारा 'स्टेप डाउन'ही इंग्रजीत आहे, पण तो वेगळा. त्याचा अर्थ टप्प्याटप्प्याने कमी करणे. आयटीआयमध्ये शिकलेल्या माणसाला या शब्दांनी आधी तोच आठवेल आणि गावाबाहेरच्या डीपीमध्ये ११ किलोव्होल्टचा दाब ४३३ व्होल्टवर आणणारा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर डोळ्यांपुढे येईल. राजीनाम्याच्या चर्चेत त्याचे काही काम नाही.

या कोशाविषयीची माझी मोठी तक्रार 'स्टँड डाउन' या दुसऱ्या क्रियापदाबद्दल आहे. कोबिल्डने त्याची व्याख्या 'स्टेप डाउन'च्याच जवळजवळ शब्दशः लिहिली आहे: महत्त्वाचे पद सोडणे, बहुधा दुसऱ्याला जागा करून देण्यासाठी. दोन नोंदी शेजारी ठेवून वाचल्या, तर दोन्ही क्रियापदे कुठेही अदलाबदल करून वापरता येतात अशीच वाचकाची समजूत होईल. बऱ्याच ठिकाणी ती करता येतात हे खरे. पण जिथे येत नाहीत, तिथेच चुका घडतात. ब्रिटनच्या राजकारणात एखादा खासदार पुढची निवडणूक न लढवण्याचे जाहीर करतो, तेव्हा तिथली वृत्तपत्रे 'स्टँड डाउन' म्हणतात. २०२४ च्या सार्वत्रिक निवडणुकीआधी असे १३० हून अधिक खासदार 'स्टँड डाउन' झाले. त्यांनी राजीनामे दिले नव्हते. संसद विसर्जित होईपर्यंत ते खासदारच होते. निवडणुकीला उभे राहणे म्हणजे 'स्टँड', तेव्हा पुन्हा उभे न राहणे म्हणजे 'स्टँड डाउन', असा हा ब्रिटिश हिशेब आहे.

त्यातही एक मौज आहे. ब्रिटिश कनिष्ठ सभागृहाच्या सदस्याला राजीनामा देताच येत नाही. १६२४ मध्ये झालेल्या ठरावामुळे सदस्याने मध्येच पद सोडण्याची वाट बंद आहे. ज्याला जायचे आहे त्याने चिल्टर्न हंड्रेड्स किंवा नॉर्थस्टेड मॅनर या नामधारी सरकारी कारभाऱ्यांच्या जागांपैकी एक मागून घ्यायची, आणि ती जागा राजसत्तेकडून मिळालेली पगारी नेमणूक मानली जात असल्यामुळे त्याचे सदस्यत्व आपोआप रद्द होते. डेव्हिड कॅमेरॉन यांनी युरोपीय संघाविषयीच्या सार्वमतानंतर २४ जून २०१६ रोजी पंतप्रधानपद सोडण्याची घोषणा केली, १३ जुलैला ते त्या पदावरून गेले, आणि सप्टेंबरमध्ये नॉर्थस्टेडचे कारभारी होऊन खासदारकीतूनही मोकळे झाले. दोन्ही वेळा इंग्रजी बातम्यांनी 'स्टँड डाउन' म्हटले. मराठीत पहिल्याला राजीनामा म्हणणे ठीक. दुसऱ्याला म्हणायचे तर एक ओळ खुलाशाची जोडावी लागेल. इतका तपशील शब्दकोशाने द्यावा अशी अपेक्षा नाही. परंतु 'निवडणुकीतून माघार' हा अर्थ निदान वेगळ्या क्रमांकाने नोंदवायला हवा होता.

त्या अर्थाशिवाय काय घोटाळा होतो याचे ठळक उदाहरण म्हणजे जो बायडेन यांचे २१ जुलै २०२४ चे पत्र. त्यात त्यांनी 'स्टँड डाउन' हेच शब्द वापरले आणि उरलेल्या कार्यकाळात राष्ट्राध्यक्ष म्हणून कर्तव्ये पार पाडण्याकडेच लक्ष देणार असल्याचे त्याच वाक्यात लिहिले. म्हणजे सोडली ती उमेदवारी, पद नव्हे. ते २० जानेवारी २०२५ पर्यंत राष्ट्राध्यक्ष होते. कोबिल्डची व्याख्या प्रमाण मानून भाषांतर करणारा इथे 'बायडेन पायउतार' असा मथळा देईल आणि नियमानुसार चुकेल.

कॉलिन्सच्या संकेतस्थळावर याला एक उपाय आहे, पण तो दडून बसला आहे. तिथे कोबिल्डची नोंद सर्वांत वर दिसते आणि तिच्याखाली ब्रिटिश इंग्रजीसाठीची वेगळी नोंद येते, जी मूळ इंग्रजी भाषकांसाठी असलेल्या कॉलिन्सच्या मोठ्या कोशातली आहे. तिथली व्याख्या रूक्ष आणि तोकडी आहे, मात्र अधिक नेमकी आहे. 'स्टँड डाउन'खाली तिने पद सोडण्याबरोबरच माघार घेणेही सांगितले आहे आणि साक्ष संपवून साक्षीदाराने पिंजऱ्यातून उतरणेही नोंदवले आहे. 'स्टेप डाउन'खाली ती पद किंवा सिंहासन सोडणे सांगते आणि पुढे आणखी एक अर्थ देते, ज्याची कोबिल्डला आठवण झालेली नाही: आधीपेक्षा खालच्या पदावर जाणे. हे दोन्ही अर्थ तिने अनौपचारिक ठरवले आहेत, ते मात्र आता जुनाट वाटते, कारण आजची गंभीर वृत्तपत्रे हे क्रियापद पहिल्या पानाच्या मथळ्यात बिनदिक्कत वापरतात.

हा शेवटचा अर्थ मराठी वाचकाच्या सर्वांत कामाचा आहे, आणि माझ्या मते या क्रियापदाची किल्ली त्यातच आहे. जेफ बेझोस यांनी ५ जुलै २०२१ रोजी अ‍ॅमेझॉनचे मुख्य कार्यकारी अधिकारीपद सोडले, तेव्हा ते कंपनीतून बाहेर पडले नाहीत. ते संचालक मंडळाचे कार्यकारी अध्यक्ष झाले. विराट कोहलीने सप्टेंबर २०२१ मध्ये विश्वचषकानंतर टी-ट्वेंटीचे कर्णधारपद सोडणार असल्याचे सांगितले आणि १५ जानेवारी २०२२ रोजी कसोटीचेही सोडले; खेळाडू म्हणून तो संघातच राहिला. 'स्टेप डाउन' ऐकल्यावर मराठी लेखकाने विचारायचा प्रश्न 'कुठून उतरला' हा नाही, तर 'उतरून कुठे थांबला' हा आहे. बेझोस यांच्याबाबत 'राजीनामा' लिहिले, तर वाचक त्यांना अ‍ॅमेझॉनबाहेर पाठवतो. कोहलीसाठी 'कर्णधारपद सोडले' एवढे पुरते. कोबिल्डची व्याख्या जागा घेणाऱ्या दुसऱ्या माणसाकडे बोट दाखवते, परंतु उतरणाऱ्याचे पुढे काय झाले याविषयी अक्षर काढत नाही.

कोहलीच्याच प्रकरणात या क्रियापदाची दुसरी मर्यादाही दिसते. डिसेंबर २०२१ मध्ये एकदिवसीय संघाचे कर्णधारपद रोहित शर्माकडे गेले, तो निर्णय निवड समितीचा होता. तिथे इंग्रजीत 'स्टेप डाउन' म्हणता येत नाही, कारण या क्रियापदात निदान वरकरणी तरी उतरणाऱ्याची इच्छा गृहीत असते. आतून दबाव कितीही असो, शेवटचे पाऊल त्याने स्वतः उचलले असे दाखवण्याची सोय त्यात आहे, आणि म्हणूनच कंपन्यांच्या पत्रकांना ते इतके प्रिय आहे. आपला 'पायउतार होणे' हा प्रयोग वरवर तंतोतंत त्याच घडणीचा दिसतो, परंतु मराठी कानाला त्यात नामुष्की ऐकू येते. सरकार पायउतार होते, भ्रष्टाचाराच्या आरोपांनंतर मंत्री पायउतार होतो. वयोमानामुळे सन्मानाने बाजूला होणाऱ्या संस्थाध्यक्षांना आपण पायउतार झाले म्हणत नाही, आणि म्हटले तर त्यांच्या घरून फोन येतो. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी फेब्रुवारी २०१३ मध्ये पद सोडले, तेव्हा इंग्रजी मथळ्यांतल्या 'स्टेप डाउन'ला 'पदत्याग' हाच शब्द शोभला असता.

उलट बाजूने पाहिले, तर राजीनाम्याला मराठीत जे नैतिक वजन आहे ते 'स्टेप डाउन' पेलू शकत नाही. मुंबईच्या प्रश्नावर चिंतामणराव देशमुख यांनी १९५६ मध्ये केंद्रीय अर्थमंत्रिपद सोडले, हिंदू संहिता विधेयकाच्या रखडपट्टीनंतर डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९५१ मध्ये कायदामंत्रिपद सोडले. हे निषेधाचे राजीनामे होते आणि इंग्रजीत त्यांना 'रिझाइन' हेच क्रियापद साजते. 'स्टेप डाउन' म्हटले तर भांडणाचा मुद्दाच पुसला जातो. पत्रातही तेच. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी ऑगस्ट १९७४ मध्ये लिहिलेल्या एका वाक्याच्या पत्रात 'रिझाइन' आहे. स्वतःच्या सहीच्या राजीनामापत्रात 'मी स्टेप डाउन होत आहे' असे सहसा कोणी लिहीत नाही. एक बातमीचा शब्द आहे, दुसरा कागदपत्राचा. हा भेद कोबिल्ड सांगत नाही, आणि वापराची माहिती देण्याचा दावा करणाऱ्या कोशाने तो सांगायला हवा होता. जाता जाता एक गोष्ट: मुंबई इलाख्याच्या महसूल दप्तरात 'राजीनामा' हा जमीन सोडणाऱ्या खातेदाराचा कागद होता आणि जमीन घेणाऱ्याच्या 'कबुलायती'बरोबर त्याची जोडी असे. दुसऱ्याला जागा देण्यासाठी सोडणे ही कोबिल्डची अट तिथे मात्र अक्षरशः पूर्ण होत होती.

साध्या नोकरदाराच्या राजीनाम्याकडे आले, की या कोशाचा हात पुन्हा सफाईने चालतो. 'नोटीस' या शब्दाखाली 'हँड इन युवर नोटीस' हा प्रयोग दिला आहे आणि ठरावीक मुदतीनंतर आपण काम सोडणार असल्याचे मालकाला कळवणे, असा त्याचा अर्थ पूर्ण वाक्यात सांगितला आहे. मुदतीचा हा उल्लेख मोलाचा आहे, कारण आपल्याकडे नोटीस म्हटले की बहुतेकांना वकिलाची किंवा महानगरपालिकेची नोटीस आठवते, आणि विद्यार्थी या प्रयोगाचा अर्थ कायदेशीर कारवाईशी जोडतो. पुण्यातल्या हिंजवडीत काम करणाऱ्याला हे समजावण्याची गरज नाही. नव्वद दिवसांचा नोटीस पिरियड त्याने भोगलेला असतो. तो मात्र इंग्रजीत 'पुट डाउन माय पेपर्स' म्हणेल आणि मराठीत 'पेपर टाकले' म्हणेल. हा भारतीय इंग्रजीतला प्रयोग लंडनच्या कचेरीत ऐकवला, तर समोरचा टेबलावरच्या कागदांकडे पाहील. कोबिल्डचा साठा मुख्यतः ब्रिटिश आणि अमेरिकी इंग्रजीवर उभा असल्यामुळे असल्या देशी प्रयोगांसाठी त्याच्याकडे जाणे व्यर्थ आहे. मुंबईच्या इंग्रजी वृत्तपत्राचे भाषांतर करताना हे ध्यानात ठेवावे.

तुलनेसाठी ऑक्सफर्डचा अ‍ॅडव्हान्स्ड लर्नर्स कोश समोर ठेवला. ए. एस. हॉर्नबी यांनी जपानमध्ये शिकवताना रचलेला आणि ऑक्सफर्डने १९४८ मध्ये प्रथम काढलेला हा कोश आपल्याकडच्या घरांत अधिक आढळतो. 'स्टेप डाउन'चा अर्थ त्यातही महत्त्वाचे पद सोडून दुसऱ्याला जागा देणे असाच आहे, परंतु तो क्रियापदाच्या मूळ रूपाने सुरू होतो आणि कर्ता कोण हे वाचकावर सोडतो. पटकन अर्थ पाहून पुढे जाणाऱ्याला ऑक्सफर्ड सोयीचा पडतो. स्वतः वाक्य रचायचे असेल, तर कोबिल्ड, कारण त्याची व्याख्याच वाक्याचा साचा हाती देते.

संकेतस्थळ विनामूल्य आहे आणि त्याची किंमत जाहिरातींनी वसूल होते. भ्रमणध्वनीच्या पडद्यावर व्याख्या आणि उदाहरण यांच्यामध्ये जाहिरात शिरते, तेव्हा वर उल्लेखिलेल्या ब्रिटिश विभागापर्यंत खाली जाण्याचा धीर फार थोड्यांना राहत असेल. ज्यांना रोज काम पडते त्यांनी छापील प्रत घ्यावी. तिच्यात 'स्टेप डाउन' हे 'स्टेप'च्या पोटात, एकाखाली एक लावलेल्या जोडक्रियापदांमध्ये सापडते आणि शेजारचे 'स्टेप असाइड', 'स्टेप इन' हेही त्याच नजरेत येतात. जुन्या पुस्तकांच्या दुकानात आधीची आवृत्ती स्वस्तात मिळाली, तर या क्रियापदापुरते फारसे बिघडत नाही. इंग्रजी माध्यमाच्या शाळेतल्या मराठी शिक्षकांना आणि वृत्तपत्रांच्या भाषांतर विभागांना मी कोबिल्ड निःसंकोच सुचवीन, मात्र 'स्टँड डाउन'पुरता दुसरा कोश उघडल्याशिवाय मथळा छपाईला सोडू नये.